पिशवीच्या ऑपरेशनआधी पोट साफ करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

“उद्या ऑपरेशन आहे ना, आज पोट साफ करायचंय,” एवढं सांगून सिस्टर पुढच्या खाटेकडे वळते. ती सिस्टर बरीच वर्षं मीच होते. स्त्रीरोगाचा भरलेला वॉर्ड, ड्यूटीवर आम्ही दोघी आणि उद्याच्या ओटी-लिस्टवर, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या यादीवर, पाच-सहा नावं. यापेक्षा जास्त बोलायला सवडच नसायची. बाई हातातल्या जुलाबाच्या पावडरच्या पाकिटाकडे बघत बसायची. हे पाण्यात घालायचं की दुधात? सगळं एकदम प्यायचं? किती वेळा जावं लागेल? विचारायची लाज, आणि सोबत बसलेल्या सासूलाही माहीत नसायचं. आता सवड आहे, म्हणून तेव्हा खाटेशेजारी बसून सांगायला हवं होतं ते इथे लिहिते.

आधी एकच प्रश्न: मला हे लागणार आहे का?

गर्भाशयाच्या पुढे मूत्राशय असतं आणि अगदी मागे चिकटून गुदाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग. पिशवीवर काम करताना सर्जनचा हात आतड्याच्या शेजारीच फिरत असतो. आतडं भरलेलं असेल तर मध्येमध्ये येईल, चुकून कापलं गेलं तर घाण पोटात सांडून इन्फेक्शन होईल, या भीतीने पूर्वी सरसकट सगळ्यांचं पोट साफ करत. मी नोकरीला लागले तेव्हा ऑपरेशन कुठलंही असो, आदल्या संध्याकाळी एरंडेल, रात्री साबणाच्या पाण्याचा एनिमा (गुदद्वारातून आत पाणी सोडणं) आणि पहाटे पुन्हा एक एनिमा, असा रिवाज होता. बायका ऑपरेशनला घाबरत नसत तेवढ्या एनिमाच्या भांड्याला घाबरत.

नंतर या रिवाजाची तपासणी झाली. काही बायकांना जुलाबाचं औषध दिलं, काहींना नाही, आणि कुणाला दिलंय ते सर्जनला कळू दिलं नाही. दुर्बिणीतून होणाऱ्या साध्या ऑपरेशनांत पोट साफ केल्याने आतलं जास्त चांगलं दिसतं असं काही आढळलं नाही, आणि इन्फेक्शनही कमी झालं नाही. बायकांना मात्र थकवा, मळमळ, पोटात मुरडा आणि रात्रभराचं जागरण झालं. ऑपरेशननंतर लवकर बरं वाटावं यासाठी स्त्रियांच्या कॅन्सर शस्त्रक्रियांकरिता जी आंतरराष्ट्रीय ‘इरास’ मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांच्या २०१९ च्या आवृत्तीत स्पष्ट म्हटलं आहे की दुर्बिणीच्या ऑपरेशनआधी नेहमीची पद्धत म्हणून पोट साफ करू नये, आणि पोट उघडून करायच्या ऑपरेशनआधीही शक्यतो टाळावं. आतड्याचा तुकडा काढायचं ठरलेलं असेल तेवढ्यांपुरतं ते ठेवावं.

म्हणजे साध्या फायब्रॉइडसाठी, म्हणजे गर्भाशयातल्या गाठीसाठी, पिशवी काढायची असेल, अंडाशयाची साधी गाठ असेल, दुर्बिणीतून नुसती तपासणी असेल, तर बहुतेक वेळा दोन लिटर खारट पाणी पिण्याची गरज नसते. आदल्या रात्री हलकं जेवण आणि सकाळी नेहमीसारखी संडास, एवढं पुरतं.

गरज कुणाला पडू शकते? एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) आतड्याच्या भिंतीत शिरलेला असेल, म्हणजे पाळीच्या दिवसांत संडासला जाताना जीव जावा असं दुखत असेल आणि एमआरआयमध्ये गुदाशय चिकटलेलं दिसत असेल, तर. अंडाशयाचा कॅन्सर पोटात पसरलेला असेल आणि आतड्याचा भाग काढावा लागण्याची शक्यता असेल, तर. बाळंतपणात फाटून योनी आणि गुदद्वार यांच्यामध्ये भोक राहिलं असेल, किंवा गुदद्वाराचा स्नायू शिवायचा असेल, तर. आधी दोन-तीन सिझेरियन किंवा पोटाची मोठी ऑपरेशनं होऊन आतडी चिकटली असावीत असं वाटलं, तर काही सर्जन सांगतात, काही नाही. अंग बाहेर येण्याच्या ऑपरेशनला, म्हणजे खालून, योनीमार्गातून करतात त्याला, बऱ्याच ठिकाणी फक्त एक एनिमा देतात. यात सर्जनच्या सवयीचाही भाग असतो, आणि ते मान्य करायला मला हरकत वाटत नाही; ज्या हाताने टाके पडणार आहेत त्या हाताला सोय वाटली पाहिजे.

तेव्हा ओपीडीत तारीख ठरते तेव्हाच विचारून घ्या: “डॉक्टर, माझ्या ऑपरेशनमध्ये आतड्याला हात लागेल का? म्हणून पोट साफ करायचंय, की नेहमीची पद्धत म्हणून?” हा प्रश्न उद्धट नाही. फक्त तो आदल्या रात्री दहा वाजता सिस्टरला विचारू नका, तिच्या हातात काही नसतं. आणि डॉक्टरांनी ‘करायचं’ म्हटलं तर पूर्ण करा. अर्धं पिऊन उरलेलं बेसिनमध्ये ओतलं आणि ‘प्याले’ म्हणून सांगितलं, हे सगळ्यात वाईट. न साफ केलेल्या आतड्यात मळ घट्ट असतो, जागचा हलत नाही. अर्धवट साफ केलेल्या आतड्यात तो पातळ होऊन बसतो, आणि आतड्याला छिद्र पडलं तर तोच आधी सांडतो. खालून ऑपरेशन असेल तर टेबलावरच गळतो.

त्याच्याही आधीचा प्रश्न पिशवी काढायचीच आहे का, हा. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या ऐन तिशीत काढल्याचं उघड झालं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तो विषय वेगळा आहे, पण दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं राहिलं असेल तर ते पावडरचं पाकीट फोडायच्या आधी घ्या.

तारीख मिळाली की औषधांची पिशवी उघडा

घरात चालू असलेली सगळी औषधं, पट्ट्यांसकट, एका पिशवीत घालून डॉक्टरांना आणि भूलतज्ज्ञांना दाखवा. “बीपीची पांढरी गोळी” या वर्णनावरून कुणालाच काही कळत नाही.

विशेष लक्ष साखरेच्या गोळ्यांवर. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नावांच्या गोळ्या, म्हणजे लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या, आता घरोघरी दिसतात. उपाशीपोटी आणि जुलाब होत असताना त्या चालू राहिल्या तर रक्तात आम्ल वाढून गंभीर अवस्था येऊ शकते, आणि साखर फारशी वाढलेली नसल्यामुळे ते लवकर लक्षातही येत नाही. म्हणून ऑपरेशनआधी साधारण ३ दिवस या बंद करायला सांगतात. बऱ्याचदा त्या मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत असतात, त्यामुळे पट्टीवरचं बारीक नाव वाचायला हवं. इन्सुलिन घेणाऱ्यांचा डोसही आदल्या दिवशी कमी करावा लागतो, कारण जेवण नसतं. तो स्वतःच्या मनाने नाही, लिहून घ्या.

बीपीच्या काही गोळ्या (टेलमिसार्टनसारख्या) आणि लघवी होण्याच्या गोळ्या ऑपरेशनच्या सकाळी थांबवतात, कारण जुलाबांनी शरीरातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. थायरॉइडची गोळी मात्र सहसा त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या हे फक्त डॉक्टरांनी ठरवायचं. शेजारणीने कधी थांबवली होती याचा इथे काही उपयोग नाही.

लोहाच्या गोळ्या. जास्त रक्तस्रावामुळे पिशवी काढायची वेळ आलेल्या जवळजवळ प्रत्येकीला त्या चालू असतात. त्यांनी संडास काळी, चिकट आणि घट्ट होते, आणि मग जुलाबाचं औषधही नीट काम करत नाही. ऑपरेशनआधी ५ ते ७ दिवस त्या थांबवू का, हे विचारा. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर डॉक्टर दुसरा मार्ग काढतील.

किडनीचा त्रास, हार्ट फेल्युअर, कधीकाळी झटके, मुळव्याधीतून रक्त, किंवा आतड्याचं आधीचं ऑपरेशन यांतलं काहीही असेल तर ते न विचारता सांगा. कुठलं औषध द्यायचं ते यावर ठरतं.

तीन दिवस आधीपासून ताटात काय

पोट साफ करायला सांगितलं असेल तर ते सोपं जावं म्हणून चोथा कमी करायचा. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, हरभरे, पालेभाज्या, पेरू, सीताफळ, कच्ची कोशिंबीर, शेंगदाण्याचा कूट, तीळ आणि ओलं खोबरं हे बाजूला. एरवी आम्हीच ‘चोथ्याचं खा’ म्हणून मागे लागतो, ते हे दोन-तीन दिवस विसरा. मऊ भात, मुगाचं साधं वरण, दहीभात, ताक, रव्याची खीर, मैद्याची बिस्किटं, सोललेला बटाटा, दुध्याची बिया काढलेली मऊ भाजी, उकडलेलं अंडं, साधा मासा हे चालतं. इसबगोल रोज घेत असाल तर तेही थांबवा, तो चोथाच आहे.

आता उपवास. ऑपरेशन नीट व्हावं म्हणून गुरुवार धरलेला असतो, चतुर्थी असते, कधी नेमकी एकादशी येते. देवावर माझं काही म्हणणं नाही, पण उपवासाच्या ताटात साबुदाण्याबरोबर मूठभर कूट असतो, वर रताळं, राजगिऱ्याचा लाडू आणि खजूर. चोथा कमी करायच्या दिवशी नेमकं उलटं. आणि जी बाई दिवसभर निरंकार राहून संध्याकाळी पावडर प्यायला घेते तिला रात्री चक्कर येतेच. एकीला मी पहाटे तीन वाजता संडासाच्या दारातून उचलून आणलेलं आहे. देवाला सांगून ठेवा, उपवास महिनाभराने करता येतो.

घरगुती जुलाब नको. सोनामुखीचा काढा, कुठलंसं चूर्ण, एरंडेल, ‘डॉक्टर देतील ते देतील, आपण आधीच थोडं साफ करून ठेवू’ असं करू नका. दोन औषधं एकमेकांवर चढली की मीठ-पाण्याचं गणित बिघडतं. बद्धकोष्ठ जुनं असेल तर आठ दिवस आधीच डॉक्टरांना सांगा, ते सौम्य औषध सुरू करून देतील.

आदला दिवस: कुठे असाल ते आधी ठरवा

पावडर घरी प्यायला सांगितली असेल तर त्यानंतर प्रवास करायचा नाही. हे मुद्दाम लिहितेय. तालुक्याहून येणाऱ्या एका बाईने वेळ वाचावा म्हणून घरीच पावडर घेतली आणि एसटीत बसली. दोन तासांचा रस्ता. कंडक्टर भला होता, तीनदा गाडी थांबवली. ती वॉर्डात आली तेव्हा तिला रडू आवरत नव्हतं, आणि तिला असं कर म्हणून कुणीतरी आमच्यापैकीच सांगितलं होतं. लांबून येणार असाल तर भरती होऊन मगच सुरू करू द्या म्हणून सांगा, किंवा आदल्या दिवशी गावातल्या नातेवाइकाकडे उतरा.

घरी करणार असाल तर नळाला पाणी किती वाजता येतं ते बघून पिंप, बादल्या भरून ठेवा. आठ-दहा वेळा जावं लागू शकतं आणि प्रत्येक वेळी पाणी लागतं. सार्वजनिक संडास असलेल्या चाळीत राहत असाल तर खरंच दवाखान्यातच करा. गुडघे दुखत असतील तर कमोडची किंवा संडासाच्या खुर्चीची सोय बघा, कारण रात्री दहाव्या वेळी उकिडवं बसून उठताना पाय लटपटतात. दाराला आतून कडी लावू नका, बाहेर कुणाला तरी बसवा. संडासात दिवा, पायात न घसरणारी चप्पल. नाडीचा परकर नको, गाऊन घाला. गाठ सोडायला वेळ मिळत नाही.

सकाळी लवकर हलका नाश्ता, डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर अकरा-बाराच्या आत थोडा मऊ भात. त्यानंतर फक्त पाण्यासारखं पातळ. ग्लास उजेडात धरल्यावर आरपार दिसलं पाहिजे, ही साधी खूण. पाणी, शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, वरणाचं वर आलेलं निवळ पाणी मीठ घालून, भाताच्या पेजेवरची गाळलेली निवळ, कोरा चहा. दूध, दुधाचा चहा, ताक, आंब्याचा रस हे आरपार दिसत नाहीत, म्हणून नाही. ‘चहा चालेल’ म्हटलं की आपल्याकडे दुधाचाच उकळला जातो, त्यामुळे सिस्टरने चहा म्हटलं तर ‘कोरा ना?’ असं विचारून घ्या. किडनीच्या पेशंटने शहाळं विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

पावडर पिण्याची खरी पद्धत

सगळ्यात जास्त वापरतात ती पॉलिएथिलिन ग्लायकॉलची पावडर, वॉर्डात तिला नुसतं ‘पेग’ म्हणतात. सोबत मीठ-क्षार मिसळलेले असतात. ही पावडर आतड्यात पाणी धरून ठेवते, शरीरात शोषली जात नाही; जेवढं पाणी पिता तेवढंच मळ घेऊन खाली येतं. क्षार आधीच मोजून घातलेले असल्यामुळे शरीराचं पाणी आणि मीठ फारसं ओढलं जात नाही, म्हणून वयस्कर बायकांना हीच त्यातल्या त्यात सुरक्षित. पण गंमत पाण्याच्या प्रमाणात आहे. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या पाकिटांना दोन लिटर पाणी लागतं. पाकिटावर वाचा, मापाच्या बाटलीने मोजा. ‘एवढं कुठे प्यायचं’ म्हणून एका लिटरमध्ये घट्ट कालवलं तर ते उलट शरीरातलं पाणी ओढतं आणि उलटी होते.

दुपारी दोनलाच कालवून फ्रीजमध्ये ठेवा. गार असलं की खारट चव निम्मी होते. चवीला थोडं लिंबू पिळून गाळून घेतलं तर चालतं. साखर, मध, सरबताचं सिरप घालू नका. चारच्या सुमारास, किंवा दवाखान्याने सांगितलेल्या वेळी, सुरू करा. मोठ्या पेल्याने, साधारण २५० मिलीलीटर, दर १०-१५ मिनिटांनी एक. घोट घोट करत तासभर एकच पेला धरून बसलात तर काम होत नाही, एका दमात ढोसलं तर ओकारी. स्ट्रॉ जिभेच्या मागच्या बाजूला ठेवून प्यायलं तर चव कमी लागते. मध्ये एक चक्कर वॉर्डात मारा. चाललं की पाणी पुढे सरकतं आणि पोट फुगत नाही.

पहिल्या तासात काहीच होत नाही आणि बायका घाबरतात: ‘सिस्टर, एवढं प्याले, गेलं कुठे?’ मग एकदम सुरू होतं. आधी घट्ट, मग चिखलासारखं, मग पिवळं पाणी. शेवटी लघवीसारखं पिवळसर, आरपार दिसणारं पाणी आलं, त्यात तुकडे नसले, की झालं. हे बघून ठेवा आणि सिस्टरला सांगा. ‘दहा वेळा गेले’ या आकड्यापेक्षा ‘शेवटचं कसं होतं’ याला किंमत आहे. शेवटी गढूळ तपकिरी पाणी असेल तर तेही लपवू नका, दुसरा उपाय करता येतो.

मळमळ झाली तर अर्धा तास थांबा, पुन्हा हळू सुरू करा. एकदा उलटी झाली म्हणून सोडून देऊ नका, पण उलटी थांबतच नसेल तर सिस्टरला बोलवा, मळमळीचं इंजेक्शन देता येतं. पावडर सुरू करण्याच्या तासभर आत घेतलेली गोळी तशीच वाहून जाऊ शकते, म्हणून महत्त्वाच्या गोळ्या कधी घ्यायच्या ते आधीच विचारा.

त्वचेची गोष्ट कुणी सांगत नाही. पाचव्या-सहाव्या वेळेनंतर तिथली कातडी सोलवटते. सुरू करण्याआधीच व्हॅसलिन किंवा खोबरेल लावून ठेवा, दर वेळी नुसत्या पाण्याने धुवा, साबण नको, घासून पुसू नका, मऊ सुती फडक्याने टिपा. जुनी नऊवारी फाडून केलेली फडकी याला सगळ्यात उत्तम.

आणि पाणी पीत राहा. पावडर संपली की झालं असं नाही. भूल देताना पाठीत सुई टोचतात तेव्हा रक्तवाहिन्या सैल होऊन बीपी उतरतं. शरीरात पाणी कमी असेल तर ते फारच उतरतं, ओटीत धावाधाव होते. रात्री झोपेपर्यंत ओआरएस, शहाळं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घ्या. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरचं असतं, छोटं २०० मिलीलीटरचं. मोठं पाकीट एका पेल्यात कालवलेलं मी अनेकदा पाहिलंय. मधुमेह असेल तर कुठलं पेय किती, हे विचारून. पण घाम सुटला, हात थरथरले तर साखर मोजा आणि साखरपाणी घेऊन लगेच सांगा, ते आरपारच असतं.

दुसरी औषधं दिली असतील तर

काहींना छोट्या बाटलीतलं सोडियम फॉस्फेट देतात. थोडं प्यावं लागतं, म्हणून लोकांना आवडतं. मला आवडत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली त्याने किडनीला इजा होऊ शकते असा इशारा दिला आणि २००८ मध्ये तो आणखी कडक केला. वय जास्त, किडनी किंवा हृदय कमकुवत, बीपीच्या वर सांगितलेल्या गोळ्या चालू, यांपैकी काही असेल तर ‘मला पेग चालेल का’ असं विचाराच. निरोगी तरुण बाईला डॉक्टरांनी विचार करून दिलं असेल तर सांगितलेलं पाणी पूर्ण प्या.

बिसाकोडिलच्या (जुलाबाच्या) गोळ्या रात्री देतात, त्या चावू नका, दुधाबरोबर घेऊ नका. आतडं कापायची शक्यता असेल तेव्हा पोट साफ करण्याबरोबर अँटिबायोटिकच्या गोळ्याही देतात. त्या वेगळ्या कामाच्या आहेत, आतड्यातले जंतू कमी करायच्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये आतड्याच्या ऑपरेशनांसाठी हीच जोडी सुचवली: नुसता जुलाब नको, सोबत या गोळ्या हव्यात. त्यामुळे जुलाबात वाहून जातील म्हणून त्या टाळू नका, वेळा पाळा.

रात्री बारानंतर पाणी नाही?

हा नियम इतका मुरलाय की दुपारी दोनच्या ऑपरेशनची बाईसुद्धा रात्री बारापासून कोरडी बसते. भूलशास्त्राची आजची पद्धत अशी: तळलेलं, मटण वगैरे जड जेवण असेल तर ८ तास, हलकं जेवण किंवा दूध असेल तर ६ तास, आणि आरपार दिसणारं पाणी २ तास आधीपर्यंत. पण हा आकडा घेऊन स्वतःच पाणी पिऊ नका, कारण लिस्ट पुढे-मागे होते, आणि काही जणींचं पोट सावकाश रिकामं होतं (जुना मधुमेह, जाडी, वजन कमी करण्याची इंजेक्शनं). संध्याकाळी भूलतज्ज्ञ तपासायला येतात तेव्हा विचारा, ‘माझा नंबर कितवा, मी पाणी किती वाजेपर्यंत पिऊ?’ उत्तर केसपेपरवर लिहून घ्या, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरशी वाद नको.

एनिमा

फक्त एनिमा सांगितला असेल तर तो पाच-दहा मिनिटांचा खेळ आहे. आता बहुतेक ठिकाणी १०० मिलीलीटरची तयार प्लॅस्टिकची बाटली असते, टोकाला वंगण लावलेली नळी. डाव्या कुशीवर झोपायचं, उजवा गुडघा पोटाशी घ्यायचा. डावीच कूस, कारण मोठं आतडं शेवटी डावीकडूनच खाली येतं आणि पाणी आपोआप वर सरकतं. नळी आत जाताना तोंडाने सावकाश श्वास सोडा, अंग ढिलं पडतं. दुखलं तर तिथेच थांबायला सांगा, जोर करू देऊ नका. मग लगेच पळायचं नाही; जमेल तितकं, पाचेक मिनिटं, धरून ठेवा. लगेच गेलात तर नुसतं पाणीच बाहेर येतं. मुळव्याध असेल तर आधी सांगा.

खालून ऑपरेशन असेल तर एनिमा रात्रीच झालेला बरा. अगदी ओटीत जायच्या आधी दिलेल्या एनिमाचं उरलेलं पाणी पाय वर बांधल्यावर टेबलावर येतं, हे मी पाहिलंय, आणि नंतर त्या बाईला ते कुणीतरी सांगितलं याचं मला अजून वाईट वाटतं. पडदा ओढून घ्यायला सांगा. तो तुमचा हक्क आहे, सिस्टर विसरली असेल तर आठवण करा. पाळी सुरू झाली असेल तर तेही आताच सांगा. तिथले केस घरून ब्लेडने काढून येऊ नका. बारीक जखमा झाल्या की जंतू तिथेच वाढतात, गरज वाटली तर ओटीत मशीनने कापतात.

कधी थांबायचं आणि हाक मारायची

पोटात कळा येऊन पोट दगडासारखं फुगलं आणि संडास, वारा काहीच होत नाही, सारख्या उलट्या, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड, संडासातून ताजं रक्त, बोलण्यात गोंधळ. यांतलं काही झालं तर पावडर बंद आणि लगेच डॉक्टर. घरी असाल तर सकाळची वाट बघू नका.

ऑपरेशन झाल्यावर

राउंडला मोठे डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात: “गॅस गेला का?” खाटेभोवती सासरे, दीर उभे असतात आणि बाई मान खाली घालून गप्प. शेवटी आमची वॉर्डातली मावशी (आया) कानाशी वाकून विचारायची आणि मोठ्याने उत्तर सांगायची. हा प्रश्न चेष्टेचा नाही. वारा सरला म्हणजे आतडी जागी झाली. त्यासाठी दुसऱ्या दिवशी उठून चाला. डॉक्टर हो म्हणाले तर च्युइंगगम चघळा; चघळताना पोटाला जेवण येतंय असं वाटतं आणि आतडी लवकर हलू लागतात. दुर्बिणीचं ऑपरेशन असेल तर खांदा दुखेल, तो पोटात भरलेल्या हवेमुळे, एक-दोन दिवसांत जातो.

संडास मात्र दोन-तीन दिवस होणार नाही. पोट पूर्ण साफ केलेलं, वर खाल्लेलं काही नाही, येणार कुठून? नातेवाईक तिसऱ्या दिवशी कायमचूर्णाची डबी घेऊन येतात, ती परत पाठवा. अंग बाहेर येण्याचं किंवा खालच्या टाक्यांचं ऑपरेशन झालं असेल तर कुंथायचं नाही, डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं मळ मऊ करणारं पातळ औषध रोज रात्री घ्यायचं, वर दिवसभर पाणी. पहिल्यांदा जाताना भीती वाटते की टाके तुटतील. पाय छोट्या पाटावर टेकवून बसा, पोटावर टाके असतील तर उशी धरा, वेळ लागू द्या. पाचव्या दिवसापर्यंत झालीच नाही, किंवा पोट फुगून उलट्या सुरू झाल्या, तर डिस्चार्ज कार्डावरच्या नंबरवर फोन करा.